काच खाली कर

जनकपुरी, नवी दिल्ली
१२ जानेवारी २०२६

चि. गौरी,

काल फोनवर मी ओरडलो आणि तुझं पुरतं ऐकून न घेताच फोन ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुझी मामी म्हणाली, पोरीनं एवढं काम केलं, शाबासकी द्यायची सोडून हे काय चालवलंय? म्हणून आधी शाबासकी. केएमपी एक्स्प्रेसवेवर, बादलीच्या अलीकडे, पहाटे साडेपाचला, मोबाइलच्या उजेडात, कुणी न शिकवता तू तुटलेला पट्टा काढलास, नवा चढवलास आणि गाडी घरी आणलीस. माझ्या हाताखालच्या कित्येक जवानांना पहिल्या खेपेला हे जमलं नव्हतं. तुझ्या आबांना केवढा आनंद झाला असता.

आता ओरडतो, आणि ते शेवटपर्यंत वाच. तू मुलगी आहेस म्हणून ओरडत नाही. तुझ्या जागी आपला दिनू असता तरी हेच लिहिलं असतं, कदाचित जास्त कडक.

जानेवारीतल्या धुक्यात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभं राहायचं नसतं. कडेची ती मोकळी जागा थांबण्यासाठीच आहे असं तुला वाटलं. पण धुक्यात मागून येणारा ट्रकवाला काय करतो ते ध्यानात घे. त्याला समोरचं काही दिसत नाही, म्हणून तो डाव्या बाजूची पांढरी रेष धरून चालवतो. ती रेष हाच त्याचा आधार. आणि त्या रेषेला लागून तुझी गाडी उभी, आणि गाडीत डोकं खुपसून तू. इंडिकेटर लावले होतेस हे बरं केलंस, पण दहा हातांवर ते धुरकट दिसतात. लाल त्रिकोण सीटखालीच राहिला असं तूच सांगितलंस. तो निदान शंभर पावलं मागे ठेवायचा, आणि तिथवर जाताना रस्त्यावरून नाही, कठड्याच्या पलीकडून जायचं. गाडी बंद पडली की पहिल्यांदा माणूस कठड्यापलीकडे. मग ११२ ला फोन. मग मला फोन, कितीही वाजलेले असोत. पट्टा सगळ्यांत शेवटी.

तुला त्या रस्त्याने का यावं लागतं ते मला माहीत आहे. हवा बिघडली की जुन्या डिझेल मालवाहू गाड्यांना दिल्लीत शिरू देत नाहीत, म्हणून सोनिपतची रोपं गुडगावला आणायची तर कुंडलीहून मानेसरपर्यंत वळसा. २०१८ च्या नोव्हेंबरात तो रस्ता पुरा खुला झाला तेव्हा आम्हा सगळ्यांना बरं वाटलं होतं, बाहेरच्या मालवाहू गाड्या बाहेरूनच जातील म्हणून. पण साधारण एकशे पस्तीस किलोमीटरच्या त्या रस्त्यावर पहाटे एकटीनं अडकणं म्हणजे काय, हे मला काल पहिल्यांदा कळलं.

फोनवर तू सहज म्हणालीस, ‘लाल दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं, ब्रेकसुद्धा जरा दगडासारखा लागत होता.’ त्या ‘जरा’नं माझा आवाज चढला. बाळा, तो एकच पट्टा क्रँकच्या पुलीवरून निघतो आणि अल्टरनेटर, पाण्याचा पंप, स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर, सगळ्यांना फिरवून परत येतो. तो तुटला की बॅटरीचा दिवा लागतो, तो तुला दिसला. पण बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला बसवलेला असतो, आणि तुझ्या गाडीत तो तसाच आहे. म्हणजे पट्ट्याबरोबर ब्रेकची मदतही गेली. आत साठलेल्या व्हॅक्युमवर एखाद-दोन वेळा ब्रेक नीट लागतो. त्यानंतर ब्रेक असतो, पण ती गाडी, मागच्या कुंड्या, ओली माती, सगळं तुझ्या एका पायाला थांबवावं लागतं. हे तुला ठाऊक नव्हतं आणि तू धुक्यात दीड किलोमीटर पुढे आलीस. ठाऊक नव्हतं हा दोष माझा. पट्टा मी दिला, त्याचं मर्म दिलं नाही.

भाऊबीजेला तुझ्या आईनं ओवाळल्यावर मी ताटाशेजारी तो खोका ठेवला तेव्हा तुम्ही सगळे केवढे हसलात. ताई म्हणाली, साडी नाही, पैसे नाहीत, रबराचा पट्टा? मी म्हटलं, गौरीच्या सीटमागे राहू दे, कधीतरी कामाला येईल. त्याच दिवशी खाली पार्किंगमध्ये तुला घेऊन जायला हवं होतं. बासुंदी खाऊन झोपलो. हे मला लागून राहिलं आहे.

पाण्याचा पंप थांबल्यावर इंजिनातलं पाणी फिरत नाही, काही मिनिटांत काटा चढतो. थंडी होती म्हणून बहुधा निभावलं. तरी उद्या सकाळी इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघ, आणि ऑइलचं झाकण उघडून आतून दुधावरच्या सायीसारखं काही धरलंय का बघ. धरलं असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यायची आणि गाडी सुरूच करायची नाही. गार असताना म्हटलं आहे मी. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलेला हात मी द्रासच्या अलीकडे एकदा पाहिला आहे. तो पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. त्याची सही पुढे कायम वाकडी येत असे.

तू विचारलंस एवढंच, की जुना पट्टा फेकू का, आणि नवा सकाळी चिवचिवतो तो चालेल का. त्याचं उत्तर देतो. पण त्याआधी मला तुला तालकटोऱ्याची आठवण करून द्यायची आहे.

गेल्या फेब्रुवारीत, २०२५ ला, मराठी साहित्य संमेलन दिल्लीत आलं. १९५४ नंतर दिल्लीला पहिल्यांदाच. आपण दोघं त्या पुण्याच्या मंडळींचं सामान तुझ्या गाडीत घालून तालकटोरा स्टेडियमच्या दारात उभे होतो. शिपाई पुढे सोडत नव्हता, इंजिन चालू होतं. मी तुला म्हटलं, काच खाली कर, ऐक. तू म्हणालीस, कसला आवाज, गर्दीचा आहे. तो गर्दीचा नव्हता. बॉनेटखालून बारीक, एकसारखा, मोठ्या पुलीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, असा आवाज येत होता. तू काच वर केलीस आणि गाणं लावलंस. अकरा महिने झाले त्याला.

पट्टा मुकाट्यानं तुटत नाही, गौरी. आधी तो बोलतो. आठवडे, महिने बोलतो. या शहरात ते कुणी ऐकत नाही, कारण उन्हाळ्यात एसीसाठी काचा बंद, हिवाळ्यात थंडीसाठी बंद, आणि उरलेल्या दिवसांत धूळ. आत गाणी, नाहीतर फोन. म्हणून माझं एक म्हणणं आहे आणि ते मी सगळ्यांना सांगत सुटतो: रोज निघताना पाच मिनिटं काच खाली करून, गाणं बंद ठेवून गाडी चालवायची. भिंतीला लागून जाताना तर नक्कीच, भिंत आवाज परत आणून देते. वर्कशॉपमधले आमचे जुने हवालदार लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावून सांगायचे, कुठली पुली महिनाभरात जाणार. ते चुकलेले मला आठवत नाहीत. आणि हे गाडीपुरतं नाही. घरातल्या पाण्याच्या मोटारीचा आवाज, कुकरच्या शिट्टीचा आवाज, जिन्यावरून चढणाऱ्या माणसाच्या श्वासाचा आवाज. भाऊजींचा श्वास त्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर थांबत होता. आपण सगळे त्याच घरात होतो. त्यावर मी जास्त लिहीत नाही. तुझ्या आईला हे पत्र वाचायला देशील तेव्हा एवढा मजकूर वगळून वाचून दाखव.

पट्ट्यांशी आपल्या घराचं जुनं नातं आहे. आबांची उजवी करंगळी तुला आठवत असेलच. गावातल्या पिठाच्या गिरणीत कॅनव्हासचा रुंद पट्टा असायचा, घसरायला लागला की त्याला राळ लावायची, आणि उतरला की इंजिन बंद न करता लाकडानं रेटून पुन्हा चढवायचा. सगळे तसंच करायचे. धोतराचा सोगा, सदऱ्याची बाही, काय अडकेल ते अडकेल. आबा ज्या दिवशी दुपारीच घरी आले त्या दिवसापासून मी पट्ट्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायला शिकलो. आता ताई सांगते, तुझ्याही बोटांची सालं गेली आहेत. टेन्शनरवरचा पाना सटकला ना? त्या टेन्शनरमध्ये जबर स्प्रिंग असते. आखूड पान्यानं ती ओढायची नसते, लांब दांडी लागते, आणि हात असा धरायचा की सटकला तर पुढे मोकळी जागा असेल, लोखंड नसेल. तू गळ्यात मफलर घालून हे सगळं केलंस हेही मला कळलं. पुन्हा कधी, पुन्हा कधीही, मफलर, ओढणी, मोकळी वेणी घेऊन चालू इंजिनावर वाकायचं नाही. बंद इंजिनावरही बॅटरीचं निगेटिव्ह काढल्याशिवाय नाही, कारण रेडिएटरचा विजेचा पंखा काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही आपोआप फिरतो.

गिरणीच्या त्या सपाट पट्ट्यानंतर खाचेत बसणारा व्ही-बेल्ट आला. अमेरिकेत डेन्व्हरला जॉन गेट्स नावाच्या माणसानं १९१७ साली तो काढला. माझी सारी नोकरी त्या पट्ट्यावर गेली. शक्तिमान ट्रक असो, जोंगा जीप असो, अंगठ्यानं पट्टा दाबायचा, अर्धा इंच खाली गेला की ताण बरोबर. सैल वाटला तर टॉमीनं डायनामो मागे रेटून नट आवळायचा. एकेका कामाला वेगळा पट्टा. एक तुटला तरी दुसरा चालू, आणि अगदीच काही नसलं तर नायलॉनच्या दोरीचा फेरा मारून चौकीपर्यंत गाडी आणलेली मी पाहिली आहे. मग सत्तरीचं दशक संपता संपता अमेरिकेतल्या गाड्यांत हा लांबलचक, नागमोडी फिरणारा एकच पट्टा आला. जागा वाचली, बदलायला सोपा झाला, टेन्शनर ताण आपणच सांभाळतो. आपल्या नागपूरजवळ हिंगण्याला पिक्सच्या कारखान्यात पट्टे बनतात, बाहेरदेशी जातात, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण दोरीचा फेरा आता चालत नाही. तुटला की सगळं एकदम. म्हणून याला जास्त जपायचं. काश्मिरी गेटचे दुकानदार अजून त्याला फॅन बेल्टच म्हणतात, पंखा त्यावर असो वा नसो.

दुसरं एक तुला माहीत नसेल. पट्ट्यावर भेगा दिसल्या की बदलायचा, हे आम्ही शिकलो ते जुन्या निओप्रीनच्या रबराबद्दल. आता जे ईपीडीएम नावाचं रबर वापरतात ते सहसा चिरत नाही. गाडीचा टायर झिजतो तसा तो खाचांमधून झिजतो. वरून बघशील तर काळा, गुळगुळीत, नव्यासारखा. त्यात मे महिन्यातली आंधी, बारमाही बांधकामांची धूळ, ही बारीक वाळू पुलीच्या खाचेत बसून त्याला कानशीसारखी घासते. म्हणून लाख किलोमीटरचा भरवसा दिल्लीत धरू नये.

आणि ही गाडी तू घेतलीस तेव्हा ती आठ वर्षांची होती. तेव्हाही मी बोललो होतो, तू रागावलीस. हरित लवादानं २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद केल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. पुढे हुकूम बदलत राहिले, पण लोकांची सवय व्हायची ती झाली. सात वर्षं झाली की मालक म्हणतो, जायचीच आहे, कशाला पैसे घालू? ऑइल बदलतो, कारण ते विकताना विचारतात. रबर कुणी विचारत नाही. होज, पट्टा, टेन्शनरचं बेअरिंग, सगळं मूळचंच राहतं आणि तसंच पुढच्याच्या गळ्यात पडतं. तुझ्या आधीच्या मालकानं ते केलं असं मी म्हणत नाही, मला ठाऊक नाही. पण पट्टा तुटला म्हणजे पट्ट्याचाच दोष, असं समजून नवा चढवला की अर्धं काम झालं.

त्यामुळे जुना पट्टा फेकायचा नाही. त्याचा एक तुकडाही टाकू नकोस. त्याच्या पाठीवर आकडे असतील, ६ पीके आणि पुढे चार अंक. सहा म्हणजे सहा धारा, पुढचे अंक म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. पुसट असतील तर ओल्या फडक्यानं पूस, घासू नकोस. ते मला वाचून दाखव. मी भाऊबीजेला पट्टा घेतला तो गाडीचं नाव आणि साल सांगून घेतला, जुन्याशी ताडून बघितला नव्हता. लांबीत थोडाही फरक असला तर टेन्शनर आपल्या जागेच्या बाहेर जाऊन काम करत असेल. मग तो उलटून बघ. एका काठाचे दोरे निघाले असतील तर कुठलीतरी पुली वाकडी आहे. धारा चकचकीत झाल्या असतील तर तो घसरत होता. तेलकट असेल तर कुठूनतरी गळतंय, आणि ते गळणं नव्या पट्ट्यालाही खाईल.

आता चिवचिव. दोन आवाज वेगळे. लांब किंचाळी, हेडलाइट नाहीतर एसी लावल्यावर वाढणारी, ती सैलपणाची. तुटक चिव चिव, चिमणीसारखी, ती बहुतेक पुली एका रेषेत नसल्याची. किंवा तू पट्टा चढवताना एक धार एका खाचेनं बाजूला बसली असेल. अंधारात ते सहज होतं, आणि तसा पट्टा काही दिवसांत स्वतःला सोलून काढतो. ओळखायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवून धारांच्या बाजूवर साध्या पाण्याचा फवारा मारायचा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली वाकडी, पाण्यानं वाढला तर ताण कमी. साबण, तेल, ग्रीस, आबांची ती राळ, काही म्हणजे काही लावायचं नाही. त्यानं आवाज दबतो आणि दुखणं तसंच राहतं. मग पट्टा काढून एकेक पुली हातानं फिरवायची, वाळू भरल्यासारखी खरखरली किंवा डुगडुगली की ती...

नको. हे लिहिता लिहिता मला तू चालू इंजिनावर फवारा घेऊन वाकलेली दिसायला लागलीस. तू यातलं काही करू नकोस. गार इंजिनावरचं कूलंट आणि ऑइल, आणि हातात घेऊन जुना पट्टा, एवढंच बघ. बाकी आपण दोघं मिळून करू. एकानं पाना धरायचा, दुसऱ्यानं पट्टा. सोडण्याआधी कागदावर त्याचा मार्ग काढायचा, फोटो असला तरी काढायचा, कारण हातानं काढलेला लक्षात राहतो. प्रत्येक पुलीवर बोट फिरवून धारा खाचेत आहेत का ते बघायचं, सपाट पाठ सपाट पुलीवर आहे का ते बघायचं, दहा सेकंद इंजिन चालवून बंद करायचं आणि पुन्हा बघायचं. तुला सगळं शिकवतो. तू माझ्याहून नीट करशील, एका रात्रीत तू ते दाखवलंस.

हे पत्र शेजारच्या पोराच्या हाती पाठवतो, तो रोज गुडगावच्या सायबर सिटीला जातो. फोनवर मी पुन्हा ओरडेन म्हणून लिहिलं. बुधवारी संक्रांत आहे, ताईला सांग, गौरी गाडी घेऊन येणार नाही, तिळगूळ मीच घेऊन येतो. रविवारी काश्मिरी गेटचा बाजार बंद असतो, म्हणून शनिवारीच जाऊन टेन्शनर आणि आयडलर पुली आणतो. जुन्या पट्ट्यावरचे आकडे त्याआधी मला कळव. रविवारी सकाळी आठला मी तुझ्या दारात. तोपर्यंत रोपं दुसऱ्याच्या गाडीनं जाऊ दे, भाडं मी देतो. आणि गाडीची किल्ली आजच आईजवळ दे.

तुझा,
मामा